पद्धती-प्रकरणाची शिस्त : विद्यार्थ्यांच्या मानसिक सर्वेक्षणाचे लेखन

वैद्यमित्रहो, काढ्याचा पाठ लिहिताना केवळ 'द्रव्ये पाण्यात उकळावीत' एवढेच लिहून कोणी थांबत नाही. द्रव्य किती, भरड कशी, पाणी किती पट, आटवून किती ठेवायचे, हे सारे सांगावे लागते. शार्ङ्गधराचार्यांनी सोळा पट पाणी घालून अष्टमांश शेष ठेवण्याचे मान दिले, म्हणूनच आज नांदेडच्या वैद्याने केलेला काढा आणि सावंतवाडीच्या वैद्याने केलेला काढा यांची तुलना होऊ शकते. मान गाळले तर उरते ती केवळ द्रव्यांची यादी. संशोधनलेखातील 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण म्हणजे त्या संशोधनाचा पाठच होय. असे असूनही हेच प्रकरण सर्वांत घाईने लिहिले जाते आणि सर्वांत कमी वाचले जाते.

आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थी अलीकडे मानसिक ताण, परीक्षेची भीती, निद्रा, सत्त्वपरीक्षा, प्रकृती आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध असे विषय आवर्जून निवडतात. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्पार्क' ही संशोधन-शिष्यवृत्ती सुरू केली. त्यामुळे पदव्युत्तर शोधप्रबंधाची वाट न पाहता पहिला अभ्यास हाती घेण्याची संधी विद्यार्थ्यांस लाभली. अशा अल्प मुदतीत, अल्प खर्चात होण्याजोगा अभ्यास म्हणजे प्रश्नावलीचे सर्वेक्षण. साहजिकच तिकडे ओढा अधिक असतो.

हा विषय केवळ अध्यापकांचा आहे असे कोणी समजू नये. विद्यार्थी आपली प्रश्नावली घेऊन आपल्याच चिकित्सालयात येतो, प्रकृतिपरीक्षणासाठी आपलेच साहाय्य मागतो. पुढे त्याचा निष्कर्ष लेखरूपाने छापला जातो, आणि कधी तो एखाद्या मेध्य कल्पाच्या माहितीपत्रकावर 'संशोधनाने सिद्ध' अशा शब्दांत झळकतो. औषधनिर्माता ते पत्रक छापतो, औषधालयचालक ते गिऱ्हाइकाच्या हाती देतो, वैद्य त्याच्या आधारे कल्प योजतो. या साखळीतील प्रत्येकाची पत त्या मूळ लेखातील दोन पानांवर अवलंबून असते. म्हणून ती पाने कशी लिहावीत आणि कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

तीन वाक्यांचे प्रकरण

एक कल्पित उदाहरण घेऊ. लेखात पद्धतीविषयी एवढाच मजकूर आहे असे समजा : 'महाविद्यालयातील १५० विद्यार्थ्यांना प्रश्नावली देण्यात आली. त्यांची प्रकृती व मानसिक ताण तपासण्यात आला. मिळालेल्या माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण करण्यात आले.'

या तीन वाक्यांत खोटे काहीच नाही, परंतु उपयोगाचेही काही नाही. १५० जण कसे निवडले? किती जणांनी नकार दिला? प्रश्नावली कोणती, कोणत्या भाषेत? प्रकृती कोणी ठरविली? परीक्षेपूर्वी की सुट्टीनंतर? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नाही. दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास हा अभ्यास तसाच करून पाहावयाचा झाल्यास तो कोठून आरंभ करील? पद्धती-प्रकरणाची खरी कसोटी हीच, की परक्या माणसास ते वाचून तोच अभ्यास पुन्हा करता आला पाहिजे.

मानसशास्त्राच्या क्षेत्रात या लेखनाची शिस्त जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखन-नियमांचा आरंभ १९२९ मधील सात पानांच्या एका लेखात झाला. आज त्या नियमांचे मोठे पुस्तक झाले असले तरी पद्धतीचे मुख्य भाग सुटसुटीतच आहेत : सहभागी कोण, साधने कोणती, कार्यवाही कशी. वैद्यकातील निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'स्ट्रोब' ही २२ मुद्द्यांची सूचीही याच प्रश्नांची उत्तरे मागते. आपल्याकडे तंत्रयुक्तींची परंपरा आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. अर्थ संदिग्ध राहू नये म्हणून ग्रंथरचनेचे नियम घालून देणे आपल्या शास्त्रास अपरिचित नाही.

सहभागी : संख्या आणि निवड

'१५० च का?' या प्रश्नास 'तेवढे मिळाले' हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नव्हे. एखाद्या लक्षणाचे शेकडा प्रमाण काढावयाचे असेल आणि ते किती असेल याचा पूर्वअंदाज नसेल, तर ते ५० टक्के धरतात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक-मर्यादा घेतल्यास प्रचलित सूत्राने संख्या ३८४ येते. परंतु महाविद्यालयाच्या पटावर मुळात २४० च विद्यार्थी असतील तर मर्यादित समूहासाठी दुरुस्ती करावी लागते आणि गरज १४८ वर येते. दहा टक्के विद्यार्थी प्रतिसाद देणार नाहीत असे गृहीत धरले तर १६५ जणांना निवडावे लागेल. हा हिशेब दोन ओळींत लिहिता येतो आणि तो लिहिलाच पाहिजे.

येथे एक सावधगिरी हवी. वरील हिशेब शेकडा प्रमाणासाठी आहे, गटांच्या तुलनेसाठी नव्हे. एकदोषज तीन, द्वंद्वज तीन आणि सम एक अशा सात प्रकृतींत १५० विद्यार्थी विभागले तर सरासरीने एका गटात २१ जण येतात. प्रत्यक्षात शुद्ध एकदोषज किंवा सम प्रकृतीचे एक-दोनच निघावेत असेही घडते. अशा गटांची तुलना करून निष्कर्ष काढणे म्हणजे दोन रुग्णांवरून कल्पाचा गुण ठरविण्यासारखे होय. तुलना हाच हेतू असेल तर संख्येचे गणित निराळे मांडावे आणि गट कोणते ठेवणार, हे आधीच ठरवावे.

संख्येहूनही निवडीचे महत्त्व मोठे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतदारांना पत्रिका पाठविल्या आणि त्यांतील २० लाखांहून अधिक परत आल्या. तेवढ्या प्रचंड संख्येवरून लँडन जिंकतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते दूरध्वनी व मोटारगाड्यांच्या याद्यांवरून घेतल्याने सुस्थितीतील लोकांचा भरणा अधिक होता, शिवाय ज्यांनी आपणहून उत्तर पाठविले ते उरलेल्यांहून वेगळे होते. आज भ्रमणध्वनीच्या गटावर दुवा टाकून जे भरतील त्यांचे अर्ज मोजणारा विद्यार्थी हाच दोष लहान प्रमाणात करीत असतो. ज्याला ताण असह्य झाला आहे तो कदाचित अर्ज उघडणारच नाही, अथवा तोच सर्वांत आधी उघडील. सोयीने घेतलेला नमुना निषिद्ध नव्हे, पण तो 'यादृच्छिक' म्हणून मिरवणे निषिद्ध होय. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून नावे काढली असतील तरच तो शब्द वापरावा.

साधने : प्रश्नावलीची ओळख

'मानसिक ताण तपासला' असे न लिहिता साधनाचे नाव, वर्ष, प्रश्नांची संख्या, कालावधी आणि गुणांची रीत लिहावी. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची ताणानुभव-मापनी १९८३ मध्ये १४ प्रश्नांची होती आणि १० प्रश्नांचे रूप १९८८ मध्ये पुढे आले. दोन्ही रूपे प्रचारात असल्याने कोणते वापरले हे न सांगितल्यास गुणांना अर्थ राहत नाही. दहा प्रश्नांच्या रूपात गेल्या महिन्यातील अनुभव विचारतात, प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण असतात आणि एकूण गुण ० ते ४० पर्यंत जातात. त्यातील ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न अनुकूल अर्थाचे असल्याने त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. सर्व प्रश्नांना 'कधीच नाही' असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचे योग्य रीतीने १६ गुण होतात. उलट मोजणी विसरल्यास तेच शून्य भरतात. म्हणून 'उलट गुण मोजले' हे तीन शब्द पद्धतीत असणे आवश्यक आहे.

दुसरी बाब मर्यादेची. ही मापनी रोगनिदानाची नव्हे. अमुक गुणांच्या वर गेला म्हणजे 'रुग्ण' असा निर्णय तिच्यावरून देता येत नाही. लोव्हिबॉंड व लोव्हिबॉंड यांची १९९५ मधील २१ प्रश्नांची मापनी मागील आठवड्यातील नैराश्य, चिंता व ताण वेगवेगळे मोजते आणि तिचे गुण ४२ प्रश्नांच्या मूळ मापनीशी ताडण्यासाठी दुप्पट करावे लागतात. एकीत महिना, दुसरीत आठवडा. हा भेद ध्यानात न घेता दोहोंचे निष्कर्ष शेजारी मांडणे चूक होय.

तिसरी बाब भाषेची. इंग्रजी प्रश्नावली मार्गदर्शकाने बसल्या बैठकीत मराठीत आणली आणि वाटली, असे चालत नाही. एकाने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, दोन्ही रूपे ताडून पाहावीत आणि मग काही विद्यार्थ्यांवर चाचणी घ्यावी. 'नर्व्हस' या एका शब्दास कोणी घाबरणे म्हणेल, कोणी अस्वस्थता, कोणी धाकधूक. शब्द बदलला की उत्तर बदलते. प्रमाणित मराठी रूप उपलब्ध असेल तर तेच घ्यावे, परवानगी लागत असल्यास ती घेऊन तसे नमूद करावे. प्रश्नांतील आंतरिक सुसंगती दर्शविणारा क्रॉनबाख यांचा अल्फा गुणांक १९५१ पासून वापरात आहे. तो आपल्या नमुन्यावर काढून द्यावा. मूळ इंग्रजी अभ्यासातील आकडा उसना घेऊ नये.

आणि प्रकृती? येथे तर आपली जबाबदारी अधिकच. विद्यार्थ्याने स्वतः भरलेली प्रश्नावली आणि वैद्याने दर्शन-स्पर्शन-प्रश्नांनी केलेले परीक्षण ही दोन भिन्न साधने आहेत. चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षेत प्रकृती व सत्त्व ही स्वतंत्र परीक्ष्ये सांगितली आणि सत्त्वाचे प्रवर, मध्य, अवर असे भेद केले. शारीरस्थानात सात्त्विक सात, राजस सहा व तामस तीन अशा सोळा मानस प्रकृती वर्णिल्या. यांपैकी नेमके काय तपासले, ते लिहावे. शक्य तर दोन वैद्यांनी परस्परांचे मत न कळता परीक्षण करावे आणि त्यांच्या मतांतील मेळ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कप्पा गुणांकाने दाखवावा. दोन वैद्यांचे जमत नसेल तर तोही निष्कर्षच आहे. तो दडविण्यात शास्त्राचा गौरव नाही.

कार्यवाही : वेळ, स्थळ आणि अधिकार

गेल्या महिन्याचा ताण विचारणारी प्रश्नावली विद्यापीठाच्या परीक्षेआधी दिली की परीक्षा संपल्यावर सहा आठवड्यांनी, यावर गुण पालटतात. म्हणून तारखा लिहाव्यात. प्रश्नावली कोणी वाटली, हेही तितकेच मोलाचे. ज्या अध्यापकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्यानेच वर्गात अर्ज वाटून 'ऐच्छिक आहे' असे सांगितले, तर त्या शब्दास किती अर्थ उरतो? वाटप त्रयस्थाने करावे, नावाऐवजी क्रमांक वापरावा, बंद पेटीत अर्ज टाकण्याची सोय ठेवावी आणि हे सारे दोन वाक्यांत नोंदवावे.

नैतिकता समितीची अनुमती अभ्यासापूर्वीची हवी. तिचा क्रमांक व दिनांक द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आधारभूत आहेत. पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि स्वतः विद्यार्थ्याची सहमती दोन्ही लागतात. ते शक्य नसेल तर त्यांना वगळावे, पण वगळले असे लिहावे.

सर्वांत गंभीर मुद्दा पुढचा. नैराश्याच्या प्रश्नावल्यांत कधी जीव नकोसा होण्याविषयी थेट प्रश्न असतो. नऊ प्रश्नांची २००१ मधील आरोग्य-प्रश्नावली हे त्याचे परिचित उदाहरण. एखाद्या विद्यार्थ्याने तेथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, आणि अर्ज निनावी असल्याने अथवा दोन महिन्यांनी संगणकात भरला जाणार असल्याने कोणाच्या ध्यानातच आले नाही, तर त्या संशोधनाचा काय उपयोग? तो आकडा नव्हे, साहाय्य मागणारा माणूस आहे. असा प्रश्न विचारणार असू तर त्याच दिवशी अर्ज कोण पाहील, विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचेल, कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवील, हे आधी ठरवून पद्धतीत लिहावे. ते जमणार नसेल तर तो प्रश्न विचारू नये. प्रत्येक अर्जासोबत १०ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापून देणे तर कोणासही शक्य आहे.

विश्लेषण : आधी ठरवावे, मग मोजावे

'सांख्यिकीय विश्लेषण केले' हे वाक्य 'औषध दिले' या वाक्याइतकेच पोकळ आहे. कोणती तुलना मुख्य, कोणती कसोटी, अपूर्ण अर्जांचे काय केले, हे आधी ठरलेले असावे. वीस तुलना करून एकीत फरक दिसला आणि तेवढीच छापली, तर तो फरक केवळ योगायोगाचा असण्याचा संभव मोठा असतो.

एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणावरून कार्यकारणभाव सांगता येत नाही, हेही विसरू नये. वातप्रधान विद्यार्थ्यांत गुण अधिक आढळले, एवढेच म्हणता येते. 'वातप्रकृतीमुळे ताण वाढतो' हे पुढचे पाऊल या पद्धतीस पेलत नाही. औषधनिर्मात्यांनी तर अधिक सावध असावे. परीक्षेपूर्वी ताण मोजला, महिनाभर ब्राह्मीचा कल्प दिला, परीक्षा संपल्यावर पुन्हा मोजला आणि गुण उतरले, तर श्रेय कल्पाचे की संपलेल्या परीक्षेचे? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर उत्तर नाही. शिवाय कल्प देताक्षणीच तो अभ्यास सर्वेक्षण राहत नाही, चिकित्सा-परीक्षण होतो, आणि त्याचे नियम वेगळे व कडक आहेत.

तेच प्रकरण, पुन्हा लिहिलेले

आता आरंभीच्या त्याच कल्पित अभ्यासाचा मजकूर असा होऊ शकेल : 'अठरा वर्षे पूर्ण झालेल्या २४० विद्यार्थ्यांच्या पटावरून चिठ्ठ्या टाकून १६५ जणांची निवड केली. आवश्यक संख्या १४८ होती. निवडलेल्यांपैकी १५९ उपस्थित राहिले, ६ जणांनी संमती दिली नाही. मिळालेल्या १५३ अर्जांपैकी दोनहून अधिक उत्तरे रिकामी असलेले ३ अर्ज आधी ठरलेल्या नियमानुसार वगळून १५० अर्जांचे विश्लेषण केले. ताणासाठी दहा प्रश्नांची ताणानुभव-मापनी मराठीत वापरली. प्रश्न ४, ५, ७ व ८ चे गुण उलटे मोजले. प्रकृती दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे निश्चित केली. प्रश्नावली विद्यापीठ परीक्षेनंतर सहाव्या आठवड्यात, अध्यापन न करणाऱ्या व्यक्तीने दिली. नैतिकता समितीची पूर्वानुमती व प्रत्येकाची लेखी संमती घेतली होती.'

संख्या तीच, १५०. वाक्ये वाढली ती दहाच्या आसपास. परंतु आता वाचकास कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, हे दोन्ही कळते. हा अभ्यास एकाच महाविद्यालयाचा आहे, अठरा वर्षांखालील त्यात नाहीत, परीक्षेच्या दिवसांतील ताण त्यात नाही. या मर्यादा लेखकाने वेगळ्या न सांगताही पद्धतीतूनच दिसतात. क्रियापदांकडेही लक्ष द्यावे : आराखड्यात 'करण्यात येईल' असते, लेखात 'केले' हवे. आराखड्यातील प्रकरण जसेच्या तसे उचलून प्रबंधात घातल्याची खूण बहुधा याच एका जागी सापडते.

शोधप्रबंधाच्या मार्गदर्शकांस आमची विनंती आहे की, विद्यार्थ्याने हे प्रकरण अभ्यासाच्या शेवटी न लिहिता दररोज लिहावे. चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी चिठ्ठ्यांची नोंद, अर्ज वाटले त्या दिवशी अर्जांची संख्या. २००० मध्ये आलेल्या अनुसूची 'टी' मुळे आपल्या औषधनिर्मितीत प्रत्येक बॅचची नोंद बंधनकारक झाली. ज्या दिवशी भावना दिली त्याच दिवशी ती लिहावी लागते, महिन्याने आठवून नव्हे. औषधनिर्मात्यांस ही शिस्त अंगवळणी पडली आहे. विद्यार्थ्याने ती त्यांच्याकडून शिकावी.

आणि चिकित्सक व औषधालयचालक यांनी येवढे करावे : 'इतक्या टक्के विद्यार्थ्यांचा ताण कमी झाला' असे पत्रक हाती आले की मूळ लेख मागावा आणि निष्कर्षाआधी पद्धती वाचावी. किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले, तुलनेस दुसरा गट होता का, मोजमाप केव्हा झाले, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली तर पत्रक फळीवर ठेवावे. न मिळाल्यास ते ज्याने दिले त्यास सविनय परत करावे. आपल्या नावावर विसंबून औषध नेणाऱ्या माणसाप्रती आपले हे किमान कर्तव्य आहे.